बिल्ला क्रमांक नऊशे एक्क्याण्णव

जुना बिल्ला खरा की खोटा, हे मी तुम्हाला चहाला उकळी फुटायच्या आत सांगू शकतो!

बढाई नाही मारत. वीस सालच्या मार्चमध्ये सगळ्यांना घरी बसवलं, तेव्हा इथे आयर्लंडात आपल्या मराठी मंडळींनी काय काय उद्योग केले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कोणी पाव भाजले, कोणी गिटार शिकायला घेतली. माझ्या मित्राने, पियूषने, अंगणात मुळे लावले आणि वाढतायत का ते बघायला रोज सकाळी उकरून पाहिले. मी मात्र काहीतरी ठोस करायचं ठरवलं. मी जुन्या राजकीय पक्षांच्या सन्मान-बिल्ल्यांचा तज्ज्ञ झालो!

हसू नका. सन्मान-बिल्ला म्हणजे निवडणुकीत वाटतात तो पत्र्याचा तुकडा नव्हे. पक्षाच्या अगदी पहिल्या, निष्ठावंत सभासदांना समारंभाने मिळायचा तो. कुणाला द्यायचा याचे नियम कडक असायचे आणि नियम कडक म्हटल्यावर नकली माल निघणारच. इंटरनेटवर या विषयाचा एक मोठा गट आहे. मी धंद्याने सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हा माझा जन्मसिद्ध गुण आहे, असं माझी बायको यामिनी लग्नाच्या आधीपासून म्हणते. एप्रिलमध्ये मी त्या गटात शिरलो आणि ऑक्टोबरपर्यंत मला विचारल्याशिवाय तिथे एकही बिल्ला पास होईना! पोर्तुगालचा एक गृहस्थ तर मला 'प्रोफेसर' म्हणायला लागला.

घरात मात्र कदर शून्य. आम्ही राहतो नावन नावाच्या गावात. यामिनी ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर. घरी येते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मास्कचे वळ असतात आणि अशा वेळी तिला बिल्ल्यावरच्या मिन्याबद्दल, म्हणजे रंगीत मुलाम्याबद्दल, सांगू नये, हे मी दोनदा शिकलो. मुलगी ज्ञानदा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते आयरिश इंग्रजीत. शिवाय कराडजवळच्या आमच्या गावाहून आलेली माझी आई. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आली, विमानं बंद झाली, आणि नोव्हेंबरात अजून इथेच! आली त्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातली सगळी कपाटं उलटीपालटी करून लावली. तेव्हापासून या घरात चमचा कुठल्या प्रेसमध्ये आहे, हे फक्त तिला माहीत. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. आई तर त्याला 'पेरस' म्हणते.

तर त्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी शेजारच्या नोरा ब्रेनन यांनी मला कुंपणाच्या भिंतीशी हाक मारली. वय ब्याऐंशी, उंची पाच फूट, आवाज मात्र घाटातल्या ट्रकच्या हॉर्नसारखा. कान थोडे कमी.

"चॅन्ड्रा! तुझी लेक म्हणते, तू बिल्ल्यांचा मोठा जाणकार आहेस!"

ज्ञानदाने प्रत्यक्षात 'डॅड इज ऑब्सेस्ड, लाइक' असं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी फक्त छाती पुढे काढली.

"थोडंफार कळतं," मी म्हणालो. विनय शोभून दिसतो अशा वेळी.

नोराबाईंनी लांब दांड्याच्या सुपलीत एक बिस्किटाचा डबा ठेवला आणि सुपली भिंतीवरून माझ्याकडे सरकवली. दोन मीटरचं अंतर त्या काटेकोर पाळत. डब्यात कापूस आणि कापसात एक बिल्ला. काळाकुट्ट! जळक्या भाकरीचा तुकडा म्हणून खपला असता.

"माझ्या वडिलांचा," त्या म्हणाल्या. "मायकल ब्रेनन. फावडा पक्षाचे."

या पक्षाचं खरं नाव मी सांगणार नाही. पक्ष मोडून सत्तर वर्षं झाली तरी गावात त्यावरून अजून भांडणं होतात. बिल्ल्यावर माती खणायचं फावडं होतं, म्हणून आपण आपला फावडा पक्ष म्हणू. नियम असा होता, की सभासद क्रमांक पाचशेच्या आत असेल तरच सन्मान-बिल्ला. तो क्रमांक बिल्ल्याच्या पाठीवर ठोकलेला असे. सभासदांची वही केव्हाच पुरात वाहून गेली होती, त्यामुळे आता पुरावा एकच: बिल्ला.

आणि पुराव्याची वेळ आली होती. गावच्या वारसा मंडळाने सभागृहाबाहेर दगडी फलक लावायचं ठरवलं होतं. त्यावर गावातल्या सगळ्या सन्मान-बिल्लेधारकांची नावं. मंडळाचे अध्यक्ष फिंटन कीर्नन, निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या आजोबांचा बिल्ला, क्रमांक एकशे नव्व्याण्णव, त्यांच्या दिवाणखान्यात चौकटीत होता आणि आजोबांचं नाव फलकाच्या आराखड्यात सर्वांत वर. नोराबाईंना ते म्हणाले होते, "तज्ज्ञाचा दाखला आणा. गुरुवारी बैठक आहे."

"फिंटनचे वडील आमचे मास्तर होते," नोराबाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्याइतका. "मी नऊ वर्षांची असताना ते भर वर्गात म्हणाले, नोराच्या बापाचा बिल्ला खरा नाही, कुठल्यातरी दारूच्या गुत्त्यात मिळालाय. सगळा वर्ग हसला. घरी जाऊन मी वडिलांना सांगितलं नाही. ते दर रविवारी तो कोटाला लावून चर्चला जायचे आणि मी त्यांच्या मागे दहा पावलं चालायचे. लाज वाटायची मला, चॅन्ड्रा. लाज वाटली याची आता जास्त लाज वाटते."

मी डब्यातला कापूस उगाच नीट केला. पण तज्ज्ञाने भावनेला जागा द्यायची नसते.

"माझ्यावर सोपवा!" मी म्हणालो. "अगदी निर्धास्त राहा!"

"यू आर अ स्टार, लव्ह," म्हणून त्या आत गेल्या.

रविवार ते मंगळवार मी परीक्षा घेतली. वजन केलं. मिना भिंगातून पाहिला. मागची पिन, तिची बिजागरी, बिजागरी जोडणारा झाळ, सगळं मोजलं. सगळं अस्सल! मग पाठीवरचा क्रमांक. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा मळ त्यावर बसलेला. पण मळाला हात लावायचा नाही, हा आमच्या गटाचा पहिला नियम. जुना बिल्ला घासणं म्हणजे पुरावा पुसणं! मी दिव्याचा झोत तिरका धरला आणि आकडे हळूहळू दिसायला लागले.

नऊ. नऊ. एक.

नऊशे एक्क्याण्णव!

मी खुर्चीत मागे रेललो. पाचशेच्या आत हवा, आणि हा हजाराच्या दारात उभा! म्हणजे दोनच शक्यता. एक तर बिल्ला नकली, नाहीतर उशिरा आलेल्या सभासदाने तो कुठूनतरी पैदा केलेला. मास्तरांचं खरं होतं.

वाईट वाटलं का? वाटलं. पण खरं सांगू? आतून थोडा आनंदही झाला. सगळ्या गावाला ऐंशी वर्षांत जे सिद्ध करता आलं नाही, ते मी तीन दिवसांत केलं होतं! बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी चार पानी अहवाल लिहिला. 'ऐंशी वर्षांची नैसर्गिक काळपट झाक, मात्र क्रमांक ९९१, सबब धारक अपात्र.' यामिनीने तो फोनवर वाचला.

"आधी नोराबाईंना सांग," ती म्हणाली. "मग बाकीच्यांना."

"निष्पक्षपणा नावाची काही गोष्ट असते, यामिनी!"

"शेजार नावाचीही असते."

तोवर मी फिंटनसाहेबांना मेल टाकून मोकळा झालो होतो. तरी तिचं बोलणं लागलं. म्हटलं, बैठकीत कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं. मास्क लावला आणि भिंतीशी गेलो. नोराबाई पलीकडच्या टोकाला पानं गोळा करत होत्या. वारा असा, की माझे शब्द थेट दूरच्या मलिंगार गावात पोचत असावेत!

"नोरा! वाईट बातमी आहे!"

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"नाइन नाइन वन!" मी बोटांनी आकडे दाखवत ओरडलो. "इट्स नाइन नाइन वन, नोरा!"

नोराबाईंच्या हातातलं दाताळं खाली पडलं. "ओह गॉड!" म्हणून त्या तरातरा घरात गेल्या. मला वाटलं, धक्का बसला बिचारीला. रडायला एकांत हवा असेल. मी खिन्न मनाने आत आलो आणि कंपनीच्या मीटिंगला बसलो.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही! मास्कमधून, वाऱ्यातून, त्या कमी कानांत शिरेपर्यंत 'नाइन नाइन वन'चं 'नाइन नाइन नाइन' झालं होतं. आणि इथे तो आकडा अॅम्ब्युलन्सचा!

पंचवीस मिनिटांनी दारात निळे दिवे फिरायला लागले. मी हेडफोन काढून पळत खाली येईपर्यंत आईने दार उघडलेलं. समोर पायांपासून डोक्यापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दोन माणसं, एक बाई आणि एक बाप्या. आणि त्यांच्यासमोर आमची मातोश्री. पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत तांबूस काळ्या चिकट रसाने माखलेले!

"आरं चंदू," आई म्हणाली, "ही कोन मानसं? औषिद फवाराय आल्यात व्हय?"

"रक्त कुठून येतंय?" त्या बाईने आईचा हात धरायचा प्रयत्न केला. आईने तो झटकन मागे घेतला.

"मला हात न्हाई लावायचा! मी काय पडले-झडले न्हाई!"

"पेशंट गोंधळलेली आहे," बाप्याने लिहून घेतलं.

तेवढ्यात शाळेतून आलेली ज्ञानदा दप्तर पाठीवर घेऊनच मध्ये शिरली. "नो, नो, शी'ज ग्रँड! इट्स टॅमरिंड, लाइक. शी'ज ओन्ली क्लीनिंग फॉर दिवाली!"

दिवाळी शनिवारवर आली होती. आईने घरातली सगळी पितळी समई, निरांजनं, तबक काढून चिंच आणि मीठ लावून घासायला घेतलं होतं. हे सगळं त्या दोघांना समजावून सांगेपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक खिडकीचा पडदा बाजूला झाला होता! दोघं माणसं फार सज्जन. आईचा ऑक्सिजन बोटावर मोजला, नव्व्याण्णव निघाला, माझा पंच्याण्णव, आणि मला जरा बसून घ्यायला सांगून ती दोघं गेली. मी पंचवीस वेळा माफी मागितली.

तासाभरात आमच्या पायरीवर दोन सोडा ब्रेड, एक तांदळाची खीर आणि आईच्या प्रकृतीसाठी चर्चमध्ये प्रार्थना सांगितल्याचं एक कार्ड जमा झालं. मग यामिनीचा फोन. आवाज विचित्र शांत.

"चंद्रहास, माझ्या वॉर्डात एक नर्स आहे नावनची. तिला तिच्या मावशीने आत्ता कळवलं की आई गेल्या."

"कुठे?"

"चंद्रहास!"

"अगं, आई इथेच आहे! खीर खातेय!"

नोराबाई भिंतीशी आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "देवा! मी किती घाबरले! पण मग तू मला काय सांगत होतास, लव्ह?"

त्यांच्याकडे पाहून माझी जीभच उचलेना. "उद्या," मी म्हणालो. "बैठकीत सविस्तर."

"म्हणजे चांगलंच असणार!" असं म्हणून त्या हसत आत गेल्या. मी स्वतःला चार शिव्या घातल्या आणि बिल्ला डब्यात ठेवावा म्हणून स्वयंपाकघरात आलो. सकाळी ओट्यावर, भिंगाशेजारी ठेवला होता. भिंग होतं. बिल्ला नव्हता!

"आई, इथला तो काळा बिल्ला कुठाय?"

"त्यो व्हय? किती मळवला हुतास रं! घासला की."

ओट्यावर समई, निरांजनं, तबक ओळीने वाळत होती. शेवटी तो बिल्ला. सोन्यासारखा लखलखत होता! फावडं असं चमकत होतं की त्यात मला माझं उघडं तोंड दिसत होतं. पंच्याऐंशी वर्षांची नैसर्गिक काळपट झाक चिंचेच्या कोळात तरंगत होती! इतका गळाठलो, की बिल्ला उचलून तसाच डब्यात टाकला आणि झाकण लावलं. पुन्हा उघडून बघायची हिंमत झाली नाही.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता झूमवर बैठक. तेवीस चौकोन. सात जण म्यूटवर बोलत होते, एका चौकोनात फक्त छत. नोराबाईंच्या चौकोनात मात्र नोराबाई पूर्ण तयारीत. केस बसवलेले, गळ्यात मोती, आणि घरात बसून अंगात रविवारचा कोट! बिल्ला मिळाल्यावर लावायला असणार तो कोट. मी डबा हळूच कॅमेऱ्याबाहेर सरकवला. ज्ञानदा माझ्या शेजारी, कारण झूम तिलाच कळतं. आई मागे पलंगावर, वाती वळत.

फिंटनसाहेबांनी घसा साफ केला आणि माझा अहवाल वाचायला घेतला. चारही पानं! हेडमास्तरी आवाजात, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबून. 'सबब धारक अपात्र' या शब्दांवर ते जरा जास्तच थांबले.

नोराबाईंनी कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"वाईट वाटतं, नोरा," फिंटन म्हणाले. "पण माझे वडील हेच सांगत होते. आता मिस्टर जगदाळे आपल्याला बिल्ला दाखवतील."

मी डबा उघडला. बिल्ला कॅमेऱ्यासमोर धरला. लखकन् तिरीप पडली आणि तेवीसपैकी किमान दहा जणांनी डोळे मिटले.

"हे काय?" फिंटन पुढे वाकले. "अहवालात काळपट झाक लिहिलंय तुम्ही. हा तर गेल्या मंगळवारी बनवल्यासारखा दिसतोय! बिल्ला बदलला की काय?"

"नाही, नाही! आईने... म्हणजे माझ्या आईने... चिंचेने..."

"कशाने?"

"सर, बिल्ला तोच आहे! हा पाहा क्रमांक!" मी घाईघाईने पाठ फिरवून दाखवली. "नऊशे एक्क्याण्णव!"

"एकशे सासष्ट हाय त्यो," मागून आवाज आला.

"आई, थांब जरा. मीटिंग चालू आहे."

"मग मीटिंगमधी खोटं का बोलतूस? एकशे सासष्ट हाय म्हनतीया ना! उलटा धरलायस त्यो!"

मी हसलो. तज्ज्ञ हसतो तसं. "आई, मी गेले आठ महिने—"

"बत्तीस वरसं!" आई पलंगावरून उठली. "बत्तीस वरसं बालवाडीत होते मी. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, सभापती, सरपंच, कोन कोन आलं, तेंच्या छातीला बिल्लं म्याच लावलं. टाचनी वरच्या अंगाला आसती! खाली आसली तर बिल्ला मान टाकतो. तू टाचनी खाली करून धरलायस."

"व्हॉट्स शी सेइंग?" कोणीतरी विचारलं. मी माइक बंद करायला गेलो, पण ज्ञानदा माझ्या आधी बोलून गेली. "ग्रॅनी सेज ही'ज होल्डिंग इट अपसाइड डाउन. इट्स वन-सिक्स-सिक्स."

मी खाली पाहिलं. पिन खरंच खालच्या बाजूला होती. हळूच बिल्ला फिरवला. इंग्रजी नऊ पालथा केला की त्याचा सहा होतो, हे मला पहिलीत शिकवलं होतं! एक, सहा, सहा.

"हा अंदाज झाला," फिंटन म्हणाले. "पिन वर की खाली, हे कोण ठरवणार? पुरावा कुठाय?"

"तितं लिवलंय की," आई म्हणाली. "आकड्याच्या आदी. बारीक. घासताना दिसलं मला. रेशनकार्डावर आसतंय तसलं."

मी भिंग लावलं. आणि तिथे, एकाच्या आधी, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'नंबर'साठी लिहितात ती दोन इंग्रजी अक्षरं, एन आणि ओ! पंच्याऐंशी वर्षं मळाखाली गाडलेली. पिन वर धरली तर आकड्याच्या आधी 'एन-ओ', खाली धरली तर आकड्याच्या मागे 'ओ-एन'. शंकेला जागाच नव्हती!

"क्रमांक एकशे सहासष्ट," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "मायकल ब्रेनन पात्र आहेत. बिल्ला शंभर टक्के अस्सल. माझा अहवाल मी... तो अहवाल कृपया फाडून टाका."

नोराबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. "पुन्हा दाखव," त्या म्हणाल्या. "पुढची बाजू. जवळ आण." मी आणला. "अस्साच चमकायचा," त्या म्हणाल्या. "मी लहान होते तेव्हा. ते शनिवारी एवढीच बाजू घासायचे. मी विसरूनच गेले होते."

एवढ्यावर बैठक संपली असती, तर किती बरं झालं असतं! पण ज्ञानदाला शाळेत प्रश्न विचारायची सवय लावलीय.

"मिस्टर कीर्नन," तिने गोड आवाजात विचारलं, "तुमचा वन-नाइन-नाइन आहे ना? त्याची पिन कुठे आहे?"

फिंटन हसले. "अर्थातच वर—" आणि थांबले. मागच्या भिंतीवरची चौकट काढली. मागचा पुठ्ठा उचकटला. बराच वेळ आम्हाला फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं.

"मळ आहे," ते शेवटी म्हणाले. "ती अक्षरं दिसत नाहीत."

"चिंच लावा म्हनावं," आई म्हणाली. भाषांतर झालं.

"आमच्याकडे चिंच नाही." त्यांच्या आवाजात सुटका झाल्याचा भाव होता.

"ब्राउन सॉस असेल!" ज्ञानदा आमची बाटली घेऊन आलीच. "लेबलवर बघा, टॅमरिंड असतं त्यात!"

आयर्लंडात ब्राउन सॉस नसलेलं घर नाही. तर मंडळी, त्या गुरुवारी बाकीच्या बावीस चौकोनांनी वारसा मंडळाच्या अध्यक्षांना स्वतःच्या आजोबांच्या बिल्ल्यावर सॉस चोळताना पाहिलं! आई मागून सूचना देत होती. "अंगठ्यानं... गोल गोल... जोर लावा मास्तर!" आणि ज्ञानदा त्या आयरिश इंग्रजीत पोचवत होती. छतवाल्या चौकोनातही आता एक चेहरा उगवला होता.

फिंटननी बिल्ला रुमालाने पुसला. पिन वर करून धरला. मग चष्मा काढला.

"सहाशे एकसष्ट," ते म्हणाले.

फलकावर सर्वांत वर ज्यांचं नाव, ते आजोबा पाचशेच्या बाहेर! आणि जो माणूस आठवडाभर पुरावा पुरावा करत होता, तो आता सॉसने माखलेला रुमाल हातात धरून बसला होता. मला त्यांची दया आली. अर्ध्या तासापूर्वी मीही तसाच बसलो होतो.

"फिंटन," नोराबाई बोलल्या. मला वाटलं, आता त्र्याहत्तर वर्षांचा हिशेब निघणार! "तुझे आजोबा उशिरा आले, कारण त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. ते तिला सोडून सभेला जात नसत. पण पक्षाच्या घराचं छप्पर त्यांनी एकट्याने शाकारलं. म्हणून समितीने नियम बाजूला ठेवून त्यांना बिल्ला दिला. माझे वडील होते त्या समितीत. त्यांनीच हात वर केला होता. घरी येऊन आईला सांगितलेलं मी ऐकलंय."

"हे तू कधी बोलली नाहीस," फिंटन म्हणाले.

"तुझ्या वडिलांनी माझ्या वडिलांबद्दल विचारलं होतं का मला? फक्त सांगितलं."

फिंटननी मान खाली घातली. "वडिलांचं चुकलं, नोरा. माझंही. माफ कर."

"करते. दोन्ही नावं राहू देत. पण वर माझ्या वडिलांचं."

"ते का?" दुसऱ्याच कुणीतरी विचारलं.

"ब्रेननचा बी आधी येतो, कीर्ननचा के नंतर," नोराबाई म्हणाल्या आणि कोटाचं बटण नीट लावलं. "मास्तरांनीच शिकवलंय."

एकवीसच्या जुलैमध्ये, बाहेर जमायची परवानगी मिळाल्यावर, फलकाचं अनावरण झालं. आईचं परतीचं तिकीट तोवर तीनदा रद्द झालं होतं, त्यामुळे ती हजर. नोराबाईंनी बिल्ला दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. आईनेच लावला, पिन वर करून, दोन पावलं मागे सरून बघत. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघी अखंड बोलत होत्या. फिंटन आईसाठी खुर्ची घेऊन फिरत होते. दरम्यान आजूबाजूच्या गावांतून अकरा जणांनी आईकडे बिल्ले तपासायला पाठवले होते. माझ्याकडे एकानेही नाही! आमच्या इंटरनेटच्या गटात मी हा किस्सा सांगितला, तर पोर्तुगालवाल्याने विचारलं, तुमच्या आई गटात येतील का?

असो. समारंभात एक छापील पत्रक वाटलं. शेवटच्या पानावर आभार होते. मी चष्मा लावून वाचलं, कारण माझं नाव असणार याची मला खात्री होती. होतंच!

'तज्ज्ञ मार्गदर्शन: श्रीमती वसुधा जगदाळे. भाषांतर: कुमारी ज्ञानदा जगदाळे. बिल्ला कॅमेऱ्यासमोर धरणे: श्री. चंद्रहास जगदाळे.'

कसा धरला ते लिहिलं नाही, हा त्या लोकांचा मोठेपणा!